दोन बोटं जागा

नाही, मला एक सांगा, दोन बोटं म्हणजे किती? हे काय मोजमाप झालं? माणूस चंद्रावर जाऊन आला, आणि माझ्या गाडीचं चाक मडगार्डला घासणार की नाही, हे कशावर ठरलं, तर त्या फिटरच्या दोन बोटांवर! आणि बोटं तरी कशी? काडेपेटीतल्या काड्या!

तुम्हाला सांगतो, गाडी माझी अकरा वर्षांची. लोखंडी चाकं, त्यावर प्लॅस्टिकच्या टोप्या, त्यातली एक कुठेतरी पडलेली. मला हौस आली, अलॉय घालू या म्हटलं. रुंद, काळी, चकचकीत. बायको म्हणाली, "अहो, आहेत ती चाकं गोल आहेत ना? फिरतात ना? मग?" आता ह्याला माणसानं काय उत्तर द्यायचं? पण सासूबाई... आमच्याकडेच राहतात त्या... म्हणाल्या, "करू दे गं त्यांना. दुसरं काय मागतात बिचारे?" बारा वर्षांच्या संसारात माझ्या पारड्यात पडलेलं ते पहिलं मत हो!

गेलो फिटरकडे. माणूस इतका वाळका, की जॅक न लावता गाडीखाली जातो. मी घरून वाचून गेलो होतो. म्हटलं, "ऑफसेट बघितलास का? माझ्या गाडीला पंचेचाळीसचा लागतो, ह्या चाकावर पस्तीस लिहिलंय. म्हणजे चाक दहा मिलीमीटर बाहेर येणार. घासेल!" त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी त्याच्या पोराला नावं ठेवली. चाक लावलं, टायर आणि मडगार्डच्या मध्ये ती दोन बोटं घातली, आत फिरवून दाखवली आणि म्हणाला, "दोन बोटं जागा आहे, साहेब!" अरे, पण गाडीत कोणी बसलंय का? रिकाम्या गाडीत दोन बोटं काय, दोन्ही हात जातील! पण मी काय केलं? पैसे मोजले. चाकं इतकी सुंदर दिसत होती हो!

गाडी त्यानं स्वतः चालवत घरी आणून दिली. आवाज नाही, काही नाही. आणि दुसऱ्याच दिवशी सासूबाईंना त्यांच्या थोरल्या बहिणीकडे न्यायचं होतं. आता ह्या दोघी बहिणी सहा वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. कारण विचारू नका, त्यांनाही धड आठवत नाही. पण मावशींचा फोन आला, "मी आता थकले गं, एकदा येऊन जा." तेव्हा सासूबाई तयार झाल्या. पहाटेपासून तयार! नवी साडी, हातात स्वतः विणलेली शाल, ओठ घट्ट मिटलेले. मागच्या सीटवर बसल्या, बायको माझ्या शेजारी. मी ऐटीत चावी फिरवली, फाटकातून बाहेर काढून गाडी वळवली आणि...

खर्रर्रर्र!

असा आवाज, की समोरच्या घरातली माणसं गॅलरीत आली. सासूबाई म्हणाल्या, "काय झालं?" आणि माझी जीभ... मी तिला आजही माफ केलेलं नाही... माझी जीभ म्हणाली, "काही नाही, मागे जरा वजन आलं ना."

संपलं. मागचं दार उघडलं, सासूबाई उतरल्या, शाल उचलली आणि म्हणाल्या, "माझ्या वजनानं गाडी रडायला लागली. नाही जात मी." आणि पायऱ्या चढून घरात! त्या दिवसापासून ताटात अर्धीच पोळी. तिकडे मावशी फोन करून विचारताहेत, "येतेय ना गं?" आणि ह्या फोनच घेत नाहीत. मला त्या अर्ध्या पोळीकडे बघवत नव्हतं हो. ज्या बाईनं माझी बाजू घेतली, तिलाच मी जेवणावरून उठवलं! बायकोनं तर सांगूनच टाकलं, "आई ह्याच गाडीत बसून मावशीकडे गेली पाहिजे. ते होईपर्यंत माझ्याशी बोलू नका."

फिटरला बोलावलं. आला, चाकाशी उकिडवा बसला, बोटं घातली. "आहेत की दोन बोटं!" मी म्हटलं, "तुझी बोटं घाल खड्ड्यात! आवाज येतो!" गाडी घेऊन गेला, मडगार्डची आतली कड ठोकून दुमडली, परत आणून दिली. म्हणे आता तीन बोटं! सासूबाईंची मनधरणी केली, हात जोडले, बसवलं. वळवली. खर्रर्र! उतरल्या. आता पोळी पाव झाली.

परत फिटर. आता म्हणे, "कॅम्बर देऊ, साहेब." म्हणजे काय, तर चाकाची वरची कड आत कलवायची. दिलं. गाडी अशी दिसायला लागली, की पाय फाकून उभी आहे आणि तिला कुठेतरी घाईनं जायचंय. अलाइनमेंटवाल्याकडे नेली, तर तो चष्मा कपाळावर सारून म्हणतो, "हे कोणत्या गाढवानं केलं?" आणि ते गाढव माझ्या शेजारी उभं! दोघांचं तिथंच जुंपलं. मी म्हटलं, बाबांनो, तुमची बोटं राहू देत, तिकडे म्हातारी उपाशी आहे!

शेवटी फिटर म्हणाला, "सगळ्यांना गॅरेजवर आणा. एकेकाला बसवून बघतो." बायको आईला रिक्षानं घेऊन आली. सासूबाई मागे बसल्या, बायको पुढे, फिटर चालवायला. गॅरेजच्या अंगणात गोल गोल फेऱ्या. उजवीकडे, डावीकडे, पार कडेपर्यंत स्टिअरिंग. आवाज? अहो, मांजर चालावी तशी गाडी! मग त्यानं सगळ्यांना उतरवलं आणि मला म्हणाला, "साहेब, आता तुम्ही एकटे."

बसलो. वळवली.

खर्रर्रर्र!

मला मागे बसवलं, मागचं घासलं. डावीकडे सरकवलं, डावं घासलं. मी जिथं बसेन तिथलं चाक बोंब मारतंय! फिटर हात पुसत, अगदी हळू आवाजात म्हणाला, "मी गाडी सगळी मोजली, साहेब. तुम्हाला मोजायचं राहिलं."

आणि सासूबाई हसल्या. आठ दिवसांत पहिल्यांदा. तोंडाला पदर लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मला राग यायला हवा होता ना? पण काय सांगू, इतकं बरं वाटलं! मी लगेच म्हटलं, "जुनी चाकं परत घालून टाकू." तर सासूबाई म्हणतात कशा, "छे हो, तुमची हौस! मोडायची नाही." आणि बायको... चाक गोल आहे ना म्हणणारी माझी बायको... म्हणते, "राहू देत. छान दिसतात. चालवीन मी."

गेल्या त्या तशाच, मायलेकी, थेट गॅरेजवरून. संध्याकाळी फोन. मागून दोन म्हाताऱ्यांचा एकदम बोलायचा आवाज, आणि सासूबाई ओरडून सांगताहेत, "जावईबापू, गाडी काय मऊ चालते हो!" आता दर रविवारी दोघी जातात. येताना मावशींनाही फिरवून आणतात. तिघी बसतात, तरी घासत नाही!

मी आपला फाटकाशी उभा राहतो. हात हलवतो. आणि खरं सांगू? बाहेरून बघितलं ना, तर गाडी... काय दिसते हो!