साखर नव्हे, रम

दादांनो, वहिनींनो, बसा. सतरंजीवर अजून जागा आहे. सुट्टीचा एकच दिवस मिळतो तुम्हाला, तो मोडून अल खर्जवरून रियाधला आलात. कुलकर्णीभाऊ म्हणाले, वहिनी, दोन शब्द बोला. मी सातवी शिकलेली बाई. दोन शब्दांत माझं कधी भागलंय का? ह्यांना विचारा.

विचारायला आता हे नाहीत.

नऊ दिवस कागदांत गेले. काल कफीलची, डेअरीच्या मालकाची, सही झाली, खलास. उद्या विमानात मी वर बसणार, हे खाली सामानात. गावाकडून धाकट्या भाऊजींचा फोन आला. "वहिनी, इथं ते रमचं काढू नका. लोक नावं ठेवतील." गावात बोलता येणार नाही, म्हणून इथं बोलते. घाबरू नका, माझ्या पिशवीत बाटली नाही.

डेअरीत तुम्ही ह्यांना ताकवाले म्हणायचात. त्याआधी जमैकात साखर कारखान्यात होतो, असं हे सांगायचे. खोटं. साफ खोटं. सहा वर्षं हे तिथं रम गाळायचे, मी सोबत होते. इथं दारूला बंदी, म्हणून नोकरीच्या अर्जात साखर लिहिलं आणि मलाही साखरच म्हणायला लावलं. अकरा वर्षं मी साखर साखर म्हणत आले.

साखर काढली की काळी, चिकट मळी उरते. तिच्यात पाणी घालून ती आंबवायची. आंबताना टाकी खदखदते, हे तिला कान लावून ऐकायचे. मी म्हणायचे, "माझं कधी एवढं ऐकलंत का?" तर म्हणायचे, "तू कुठं आंबतेस?" मग तांब्याच्या हंड्यात उकळायची, वाफ थंड करायची, थेंब धरायचे, लाकडी पिंपांत वर्षानुवर्षं ठेवायची. एवढं करून स्वतः एक घोट घेत नव्हते. नुसता वास.

आमच्या गावात दारू म्हणजे बायकोला मार. जमैकात बाळ जन्मलं की कपाळाला रम. घराचा पाया खणला की रम शिंपडायची. ताप आला की छातीला चोळायची. शेजारची म्हातारी सांगायची, हे मला मराठीत करून सांगायचे, "आमच्या पूर्वजांना गुलाम करून ऊस तोडायला आणलं. साखर मालकानं नेली. आम्हाला मळी उरली."

तिचा नवरा गेला, तर नऊ दिवस अंगणात माणसं. गाणी, डॉमिनोच्या सोंगट्यांचे डाव, मेलेल्याची टिंगल. पहिला घोट जमिनीवर, त्याच्या नावानं. मी म्हटलं, काय ही माणसं. हे म्हणाले, "मी गेलो की अशीच टिंगल कर. रडू नकोस, रडताना तू फार वाईट दिसतेस."

करतेय हो टिंगल. जमत नाहीये.

ते घर, ती म्हातारी, टाकीला कान लावणारा माणूस, हे कोणाला आठवत होतं? मला आणि ह्यांना. आता मला एकटीला. मी विसरले तर तो माणूस कुठं शोधू? सांगा ना, कोणीतरी सांगा.

 

उभे राहा आता. दोन मिनिटं तुम्ही शांत राहा. मी राहणार नाही, अकरा वर्षं राहिले.

अहो, तुमचं रमचं सांगून टाकलं मी सगळ्यांना. आता रागवा. एकदा तरी रागवा.