माणसांच्या वतीनं

रंगुबाई : आन् त्यो मंगळवाला धोतार नेसून येनार हाय का चड्डी घालून?

धोंडुबाई : आवं आत्याबाई, तसलं काय बोलले न्हाईत सायेब लोक. नुस्तं म्हनले, समजा मंगळावरची माणसं खाली उतरली आन् म्हनाली, 'टेनिसचा एक डाव खेळा. तुमी जिंकला तर आमी माघारी जातो. हरला तर पृथ्वी आमची.' तर मग माणसांच्या वतीनं खेळायला कोन पाठवायचा?

रंगुबाई : ह्यो इचार त्येंनी काल चा पिऊन केला का दुसरं काय पिऊन?

धोंडुबाई : लिंबाचं सरबत व्हतं. गिलासं मीच धुतली. वकील म्हनले, विलायतेचा पाठवा. डाक्टर म्हनले, अमेरिकेचा. मिलचे मॅनेजर म्हनले, फ्रान्सचा. एकमेकाच्या अंगावर गेले, आवं! मामलेदारांनी रॅकेट आपटली. शेवटाला आपल्या क्लबाचे सेक्रेटरी, लालासाहेब, उठले आन् म्हनले, 'ह्या बाया रोज कोर्ट सारवतात. कुणाचा पाय कुठं पडला, कुणाचा बॉल कुठं पडला, सगळं त्या शेणावर वाचतात. त्यांनाच विचारू. उद्या सकाळी त्या सांगतील ते नाव वहीत लिहायचं, आणि मग वाद बंद.'

रंगुबाई : म्हंजे आपुन ठरवायचं? समद्या पृथ्वीचं?

धोंडुबाई : व्हय.

रंगुबाई : मग ती बादली ठेव खाली. असली कामं घाईनं हुत न्हाईत.

धोंडुबाई : ठिवली.

रंगुबाई : जपानवाला चालंल का?

धोंडुबाई : त्येंच्यासंगं तर लढाई चाललीया!

रंगुबाई : चालू दे की. माणूसच न्हवं त्यो? मंगळवाला दारात आल्यावर जर्मनवाला काय न् जपानवाला काय, समदी आपलीच भावकी.

धोंडुबाई : पर न बघितल्याल्या माणसाचं आपुन काय सांगनार? आपल्या कोर्टावर जेचा पाय उठलाय त्येच्यातलाच निवडायचा.

रंगुबाई : मग डाक्टर.

धोंडुबाई : पाय उचलतच न्हाईत ते. घासत चालत्यात. दोन घमेली शेन रोज त्येंच्याच वाटंला जातंय.

रंगुबाई : मामलेदार?

धोंडुबाई : त्येंच्याकडला बॉल रेघेच्या आत पडला की बुटानं खूण पुसत्यात आन् 'भाईर' म्हनून वरडत्यात. पुसल्याली खूण कळती मला.

रंगुबाई : मंगळवाल्याफुडं असला एखादा लागंलच की गं.

धोंडुबाई : आन् मंगळवाल्यानं धरला तर? समद्या माणसांचं नाक जाईल.

रंगुबाई : ते बी खरं. मग वकील?

धोंडुबाई : टाचंवर गरागरा फिरत्यात, तितं खड्डा पडतो. आन् बॉल जातो जांभळीच्या शेंड्याला.

रंगुबाई : लालासाहेब सोता?

धोंडुबाई : माणूस सोन्यावानी. पर हाललं तर दोन पावलं. बॉलनं त्येंच्याकडं यायचं, त्येंनी बॉलकडं जायचं न्हाई. आन् मॅनेजरांचा तर खांदाच वर जात न्हाई.

रंगुबाई : मग ऱ्हायलं कोन? देऊन टाकायची व्हय पृथ्वी? माझी चार शेरडं हायती तिच्यावर!

धोंडुबाई : ऱ्हायलाय एक माणूस.

रंगुबाई : कोन?

धोंडुबाई : ह्या समद्या सायबांच्या समोर रोज कोन उभं ऱ्हातंय?

रंगुबाई : रोज तर आपला अर्जुनाच खेळतोय. क्लबाचा मार्कर त्यो, सायबांसंगं खेळायची नोकरीच त्येची... धोंडे! जा, तोंड धुऊन ये.

धोंडुबाई : का म्हनून?

रंगुबाई : का म्हनून म्हनं! चौदा वर्सं झाली, तुझा नवरा एक दीस जिंकून आला न्हाई. त्येचा बा आरेवाडीच्या बिरोबाच्या जत्रंत कुस्ती मारून फेटा उडवत यायचा. आन् ह्यो त्येचा ल्योक! दारात येतो, 'हरलो' म्हनतो आन् भाकरी मोडतो. हिरीवर बाया इचारत्यात, 'रंगुबाई, काल कुनी पाडला वं तुमचा पैलवान?' माझ्याच पोटचा हाय, पर सांजचा खेळ एकदाबी बघितला न्हाई मी. कुठल्या तोंडानं बघू?

धोंडुबाई : आत्याबाई, तुमी कोर्टाचं ह्याच अंग सारवता न्हवं रोज? जाळीच्या अलीकडलं?

रंगुबाई : माझ्या लेकाचं अंग हाय. सायेब उन्हापायी बाजू बदलत न्हाईत, त्यो रोज हितंच. मीच सारवनार.

धोंडुबाई : तितं तुमाला काय दिसतं?

रंगुबाई : पावलं. ह्या कोपऱ्यापास्नं त्या कोपऱ्यापातूर. मरंस्तवर पळतोय गडी आन् तरीबी हरतोय! त्येचंच तर जास्त वाईट वाटतं.

धोंडुबाई : आन् ह्येंनी मारल्याला बॉल पडतो कुठं?

रंगुबाई : जाळीच्या पल्याड. तुझ्या अंगाला.

धोंडुबाई : मग या पल्याड. या, जाळीखालनं या. अजून सारवलं न्हाई मी. वाका. काय दिसतंय?

रंगुबाई : टिकल्या. लढाईपायी नवं बॉल मिळत न्हाईत, त्या टकल्या बॉलांच्याच ह्या खुणा.

धोंडुबाई : कुठंकुठं हायत्या?

रंगुबाई : कुठंकुठं काय, समद्या हितंच की. सुपाएवढ्या जागंत.

धोंडुबाई : ह्यो लालासाहेबांचा बूट. काल ते हितं उभं व्हतं. टिकल्या पडल्या त्येंच्या उजव्या हाताला, एक पाऊल फुडं. पळाय नगं, वाकाय नगं. परवा मॅनेजर व्हतं, तर त्येंच्या खांद्यापायी टिकल्या पार त्येंच्या पायापाशी.

रंगुबाई : म्हंजे...

धोंडुबाई : म्हंजे ताटात वाढत्यात, आत्याबाई. सायबांनी कुठंबी भिरकावू दे, ह्ये पळत जाऊन आनत्यात आन् परत त्येंच्याच ताटात वाढत्यात. शेवटचे काय ते दोन-चार जाळीत घालायचे. बराबर सहा-चार.

रंगुबाई : रोज?

धोंडुबाई : चौदा वर्सं.

रंगुबाई : आगं भवाने! आन् मला एका शब्दानं बोलली न्हाईस?

धोंडुबाई : मला दम दिलाय. 'सायबांना कळलं तर नोकरी जाईल,' म्हनत्यात. 'आन् नोकरीचं ऱ्हाऊ दे, त्येंची तोंडं उतरतील.'

रंगुबाई : पर मी आई हाय त्येची!

धोंडुबाई : तुमी हिरीवर बोलला असता.

रंगुबाई : बोलली असती! हलगी लावून बोलली असती! समद्या माधवनगरात गुळाची शेरनी वाटली असती! आगं, धर मला, हसू आवरंना. त्यो मामलेदार मिशीला पीळ देत जातोय रोज आमच्या दारावरनं!

धोंडुबाई : हळू, आत्याबाई, हळू.

रंगुबाई : मंगळवाल्याला ह्योच पायजे गं. ताटात असा वाढंल की मंगळवाला म्हनंल, 'लय ग्वाड माणसं. आमाला नगं पृथ्वी, पर उद्या परत खेळाय येऊ का?'

धोंडुबाई : पर ह्ये हरलं तर पृथ्वी जाती की.

रंगुबाई : आगं बया. ते ऱ्हायलंच.

धोंडुबाई : आत्याबाई, पदर सावरा. लालासाहेब आलं.

रंगुबाई : आता गप. अर्जुनाचं नाव काढायचं न्हाई, नोकरी जाईल. मी बोलती.

लालासाहेब : काय रंगुबाई, ठरलं का? ही बघा, वही आणलीय. सगळी मानवजात तुमच्या तोंडाकडे बघतेय.

रंगुबाई : ठरलं की, सायेब. डाक्टर.

लालासाहेब : आपले डॉक्टर? अहो, ते पाय घासत चालतात!

रंगुबाई : तेच तर. वाट बघून बघून मंगळवाला टेकीला ईल.

लालासाहेब : धोंडुबाई, तू पदर का कोंबलायस तोंडात? हसतेस का रडतेस?

धोंडुबाई : काय न्हाई जी.

लालासाहेब : तुझ्या मनात दुसरं नाव दिसतंय. सांग. भिऊ नकोस.

धोंडुबाई : मला नाव घेता येत न्हाई, सायेब.

लालासाहेब : येत नाही? इंग्रजी आहे का?

रंगुबाई : धोंडे, गप!

लालासाहेब : थांबा, थांबा. तुला ज्याचं नाव घेता येत नाही असा या क्लबात एकच माणूस आहे. अर्जुना? आपला अर्जुना? अगं, कौतुक असावं नवऱ्याचं, पण किती! काल मीच त्याला सहा-चार हरवलाय. बरं, शब्द दिलाय तर लिहितो. पण असं फुकट नाही. उखाण्यात घे नाव.

रंगुबाई : नगं धोंडे. पाया पडती.

धोंडुबाई : चौदा वर्सं गिळलंय, आत्याबाई. आता न्हाई गिळवत. ऐका, सायेब.
शेनानं सारवलं कोर्ट, वर फक्कीची रेघ आखली,
अर्जुनरावांनी हरून हरून समद्या सायबांची अब्रू राखली!

लालासाहेब : वा! आखली, राखली! छान... हरून हरून?

रंगुबाई : उखान्यात काय बी म्हनत्यात, सायेब. तशी रीतच असती.

लालासाहेब : हरून हरून म्हणजे काय, धोंडुबाई?

धोंडुबाई : काल तुमी हितं उभं व्हता. ह्या टिकल्या अर्जु... ह्येंच्या बॉलच्या. तुमीच बघा.

(लालासाहेब वाकून एकेक टिकली बघतात.)

लालासाहेब : सगळे इथेच पडलेत.

धोंडुबाई : जी.

लालासाहेब : आणि मी घरी सांगतो, आपल्याला पळावं लागत नाही, आपला अंदाजच तसा आहे. सहा-चार म्हणे!

धोंडुबाई : मामलेदार बी सहा-चार. वकील बी सहा-चार.

लालासाहेब : मॅनेजर तर गेल्या महिन्यात सहा-दोन जिंकले. रेशनच्या साखरेचे पेढे वाटले त्यांनी!

धोंडुबाई : त्येंच्या बाईसाहेब बघाय आल्या व्हत्या, म्हनून.

लालासाहेब : अरे देवा. आणि मी? चौदा वर्षांत एकदा तरी खरा जिंकलो का गं?

धोंडुबाई : एकदा. ह्येंच्या अंगात ताप व्हता तवा.

लालासाहेब : चला, तेवढं तरी पदरात पडलं.

रंगुबाई : सायेब, त्येला कामावरनं काढू नगा. पाया पडती तुमच्या. वाटल्यास उद्यापास्नं सहा-एक हरंल त्यो.

लालासाहेब : उठा, रंगुबाई. उठा आधी. धोंडुबाई, खरं सांग, त्याला जिंकता येईल?

धोंडुबाई : मला ठावं न्हाई, सायेब. त्येंलाबी ठावं न्हाई. कधी करूनच बघितलं न्हाई त्येंनी.

लालासाहेब : हे बघा, वहीत लिहिलं. 'माणसांच्या वतीनं : अर्जुना, मार्कर.' खाली माझी सही. आज संध्याकाळी तो माझ्याशी खेळेल. मुद्दाम हरायचं नाही, म्हणावं. सहा-शून्य झालं तरी चालेल. चौदा वर्षं माझ्या समोर कोण उभं होतं, ते एकदा बघू तरी दे मला.

रंगुबाई : सायेब... मी बी येऊ व्हय बघायला? लांबनंच बघीन.