मेव्हण्याने लावलेलं कुलूप

मुंबईची शिस्त मला सांगू नका. माझा मेव्हणा काशीला आला होता. मी माडीवर दुपारचा झोपलेला, आणि हा त्याच्या बहिणीला, म्हणजे माझ्या बायकोला, घेऊन दर्शनाला निघताना दाराला बाहेरून कुलूप घालून गेला. आमच्या गल्लीत कुलूप दिसतं ते घरात कुणी मेलं तरच.

गलका ऐकून मी खिडकीत आलो. खाली शेजारी तिरडीचे बांबू घेऊन उभे.

"कौन गया?" मी ओरडलो.

दूधवाला हात जोडून म्हणाला, "आप, चाचा."

तेवढ्यात मेव्हणा परतला. "भाऊजी, मुंबईत महिनाभर कुलूप दिसलं तरी कुणी विचारत नाही."

"मग तिथं मरू नकोस," मी म्हणालो. "आता दार उघड आणि यांना चहा पाज. मला खांदा द्यायला धावत आलेत."