नर्सशी ते बरं बोलतात

संसर्गाच्या वॉर्डाबाहेर शिंपीणबाई नवऱ्याला भेटायची वाट बघत बसल्या होत्या. आत एका वेळी एकालाच सोडत, तेही गाऊन, मास्क, हातमोजे चढवून. बाकावर शेजारी एक जोडपं होतं. कान द्यायचा नाही म्हटलं, तरी बोलणं कानावर पडतच होतं.

"बाबा आज काय म्हणाले?"

"सून एकदाही फिरकली नाही म्हणाले."

"कुणाला?"

"मलाच. मी त्यांची पाठ पुसत होते तेव्हा. नर्स समजतात मला."

"मग सांगायचंस ना, मी आहे म्हणून."

"तुम्ही सांगा. काचेबाहेरून हात हलवता, तेवढ्याचं केवढं कौतुक. माझा लेक रोज येतो, म्हणतात."

"मला दमा आहे. आत कसा जाऊ?"

"मी काही म्हटलं का?"

"आवाजावरूनही ओळखलं नाही?"

"माझा आवाज त्यांनी कधी ऐकून घेतलाय?"



"डॉक्टर म्हणाले, आता धोका टळलाय. उद्यापासून मास्क नको. तोंड दिसलं की कळेल त्यांना."

"मी घालूनच जाणार."

"का पण?"

"नर्सला ते बाळ म्हणतात. दमलीस का, जेवलीस का, विचारतात."

तेवढ्यात आतून हाक आली. सुनेने गाऊन चढवला. मागच्या नाड्या बांधायला नवऱ्याने हात पुढे केला, पण ती वळली ती शिंपीणबाईंकडे.

"मावशी, एवढ्या बांधता का?"

शिंपीणबाईंनी गाठ मारली.