एक डावा पाय, वापरलेला

मी, लाँड्रीतली किटली (खरे नाव समन्सवर आहे, पण लवकर उकळते म्हणून सगळे हीच हाक मारतात, समन्स घेऊन आलेल्या शिपायानेही हीच मारली), वय ४४ वर्षे, धंदा लाँड्रीत वाफेच्या प्रेसवर चादरी दाबणे, राहणार कामगार वसाहत, चौथा मजला, लिफ्ट नाही, समक्ष विचारल्यावरून जबाब देते की,

वरील पत्त्यावर मी मुलीसह राहते. मुलगी औषधांच्या दुकानात कामाला आहे. नवरा ट्रकवर असतो. तो महिन्यातून एकदा येतो आणि आला की झोपतो. आज तपासी साहेबांनी मला विचारले की जबाब द्यायला तयार आहात का. मी म्हणाले, एका पायावर तयार आहे. साहेब हसले नाहीत. लेखनिक हवालदार हसले, म्हणून हे वाक्य कागदावर आले.

माझा डावा पाय गुडघ्याखाली नाही. डाइंग कारखान्याचा बॉयलर फुटला तेव्हा मी तिथे कामाला होते. माझी धाकटी जाऊ शेजारच्या मशीनवर होती. तिच्याबद्दल मला विचारलेले नाही, म्हणून सांगत नाही.

मला नवीन पाय पायघराने दिला. पायघर म्हणजे बाजारामागची बैठी इमारत, तिथे नकली पाय बनवतात आणि त्यावर चालायला शिकवतात. ती संस्था डॉक्टरबाई चालवतात. संस्थेला बाहेरच्या देशाचा पैसा येतो हे मला माहीत होते का, असे विचारल्यावरून सांगते की, होय, शेंबड्या पोरालाही माहीत होते. दारावर त्या देशाच्या झेंड्याची पितळी पाटी आहे. पाटीवरचा पडदा आपल्याच मंत्र्यांनी ओढला आणि त्या दिवशी बंदोबस्ताला याच ठाण्याचे लोक होते. त्यांना बिस्किटे मिळाली, आम्हाला नाही.

बॉयलर फुटल्याला वर्ष होत आले तेव्हा त्या देशाच्या राजदूतांनी भाषणात म्हटले की या स्फोटाची नीट चौकशी व्हायला हवी. आपले सरकार भडकले. आमच्या घरात नाक खुपसू नका, म्हणाले. मग म्हणाले की हेच लोक संस्थांना पैसे चारून मोर्चे काढायला लावतात. राजदूतांना परत पाठवले. त्या देशाने तिथल्या आपल्या राजदूतांना परत पाठवले. हे मी लाँड्रीतल्या टीव्हीवर पाहत होते आणि चादरी दाबत होते. मोठ्यांचे भांडण आहे, मिटेल, असे मला वाटले. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ, असे म्हणतात. इथे तिसऱ्याचा पाय गेला.

मी मोर्चात होते का, असे विचारल्यावरून सांगते की, होय, होते. फोटोत तिसऱ्या रांगेत तोंड उघडे असलेली बाई मीच आहे. स्फोटाची चौकशी मागणारा तो मोर्चा कारखान्याच्या फाटकापासून मोठ्या कचेरीपर्यंत गेला. मी का गेले ते वर आलेले आहे.

डॉक्टरबाईंनी पाय देताना मोर्चाला येण्याची अट मला घातली होती. (ही ओळ खोडली आहे. कारण पुढे दिले आहे.)

पाय तेव्हा नवा होता आणि लांब चालायचे नाही अशी डॉक्टरबाईंची सक्त ताकीद होती. मी ऐकले नाही. रस्ता उखडलेला होता, पायाचा तळवा फुटला. मी फुटका तळवा घेऊन पायघरात गेले तेव्हा बाईंनी मला सगळ्यांसमोर फैलावर घेतले. त्या म्हणाल्या, "घसा कोरडा करून सांगते मी, आधी अंगणात, मग गल्लीत, मग रस्त्यावर! आणि ही बया पहिल्याच फटक्याला कचेरीवर धडकली!" मी म्हणाले, "बाई, चालताना काहीच दुखलं नाही हो." त्या म्हणाल्या, "उद्या दुखेल. मग माझ्याकडे रडत यायचं नाही." एवढे बोलून त्या खाली बसल्या आणि माझ्या गुडघ्याला स्वतःच्या हाताने मलम लावू लागल्या.

पायघराच्या मिस्त्रींनी तळव्याला गोंद लावून पाय टेबलावरच्या पकडीत आवळून ठेवला होता. मी खुर्चीत बसून गोंद वाळायची वाट पाहत होते. तेवढ्यात पायघराला सील ठोकायला सरकारी लोक आले. त्यांनी आतल्या सगळ्या वस्तूंची यादी करायला घेतली. मी म्हणाले, "अहो, तो माझा पाय आहे." त्यांच्यातले एक जण म्हणाले, "पावती आहे का?" मी म्हणाले, "पायाची पावती कोण ठेवतं? तुमच्याकडे तुमच्या पायांच्या आहेत का?" त्यावर त्यांनी मला खुर्चीसकट उचलून रस्त्यावर ठेवले. मग मला भिंतीशी उभे करून खुर्ची आत नेली, कारण खुर्चीही यादीत होती. दाराला लाख लावली. डॉक्टरबाईंना गाडीत बसवून नेले.

तेव्हापासून माझ्याकडे शेजारणीच्या सासऱ्यांची एक कुबडी आहे. ते माझ्याहून हातभर उंच होते. जिना मी बसून उतरते, एकेक पायरी, आणि चढतेही तशीच, पाठमोरी. वसाहतीतली मुले आधी हसायची, आता जिन्यात मला वाट देतात. त्यांचे हसणे परवडले होते.

वाफेची प्रेस उभ्याने चालवावी लागते, आणि चादर दोन्ही हातांनी धरावी लागते. कुबडीला तिसरा हात मला नाही. लाँड्रीचे मालक म्हणाले, "सोमवारपर्यंत थांबतो, पुढे मला दुसरी बाई बघावी लागेल." मालक वाईट नाहीत. त्यांच्या जागी मी असते तर मीही एवढी थांबले नसते.

मी या ठाण्यात पायासाठी याआधीही येऊन गेले आहे. प्रत्येक वेळी सांगितले की पाय आता मुद्देमाल आहे, खटला संपेपर्यंत मिळणार नाही. आज साहेबांनी स्वतः बोलावले. ते म्हणाले की मी सरकारी साक्षीदार झाले तर पाय आजच्या आज ताब्यात देता येईल. त्यासाठी जबाबात एक ओळ यावी लागेल. ती ओळ त्यांनी मला सांगितली. मी म्हणाले, असे झाले नव्हते. साहेब म्हणाले, "एवढीशी ओळ आहे. त्या बाईंना मोठे वकील आहेत, आख्खा देश पाठीशी आहे. तुमच्या पाठीशी कोण आहे?"

घरून निघताना मुलगीही हेच म्हणाली होती. ती म्हणाली, "आई, ते सांगतील तिथे सही कर आणि पाय घेऊन ये. रोज तुला जिन्यात तसं घसरताना बघते, मला खाली मान घालून पुढे जावंसं वाटतं. तशी मी गेलेही एकदा." मग ती रडली. मला रडायला वेळ नव्हता, जिना उतरायचा होता.

म्हणून मी ती ओळ बोलले. हवालदारांनी ती लिहून घेतली.

त्यानंतर साहेबांनी पाय मागवला. दोन पंच बोलावले, समोरचा चहावाला आणि झेरॉक्सवाला. पंचांसमोर मी पाय ओळखला. नडगीवर झेंड्याचे स्टिकर होते, आणि माझ्या मुलीने आतल्या बाजूला पेनने काढलेले फूल होते. गोंद वाळला होता. मी पाय घातला. साहेबांनी विचारले, बसतोय का. मी म्हणाले, बसतोय. मी उभी राहिले. दोन्ही हात मोकळे होते. त्या हातांचे काय करावे हे मला थोडा वेळ कळेना. साहेब म्हणाले, बाहेर चालून बघा, मग येऊन सही करा.

बाहेरच्या बोळात कोठडी आहे हे मला माहीत नव्हते. डॉक्टरबाई आत जमिनीवर बसल्या होत्या. केस विंचरलेले नव्हते. मी आत काय बोलले हे त्यांना माहीत नव्हते. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलेच नाही, नेहमीप्रमाणे आधी पायाकडे पाहिले. त्यांचा चेहरा एकदम उजळला. त्या म्हणाल्या, "मिळाला? बरं झालं! टाच आधी टेका. खांदा सैल सोडा. हां, असं." मग गजांना धरून वाकून पाहिले आणि म्हणाल्या, "तळवा जरा बाहेर वळलाय. मी सुटले की मिस्त्रींकडून नीट करून घेऊ. तोवर जिना सांभाळून." मी टाच आधी टेकली.

मी दरवाजापर्यंत गेले. मुलगी फाटकाशी उभी होती. तिने मला दोन पायांवर पाहिले आणि तोंडावर हात ठेवला. ती पळत येत होती, शिपायाने तिला थांबवले. मी वरच्या पायरीवर उभी राहिले. एक पायरी उतरले असते तर झाले असते. मला उतरायचे होते. माझ्या जिवाची नुसती काहिली होत होती आणि पाय मात्र काडीइतकाही दुखत नव्हता.

मी परत फिरले. बोळात डॉक्टरबाईंनी विचारले, "काय हो, काही विसरलात का?" मी म्हणाले, "हो, पिशवी."

आत येऊन मी साहेबांना सांगितले की ती ओळ खोडा. साहेब म्हणाले, "पाय परत जमा करावा लागेल. मग खटला संपेपर्यंत विसरा." मी विचारले, "खटला कधी संपेल?" ते म्हणाले, "वरचं भांडण मिटेल तेव्हा." मी म्हणाले, "खोडा." साहेबांनी पेन टेबलावर आपटले. हवालदारांना म्हणाले, "ही म्हणेल ते सगळं लिहा आणि सही घ्या. हिचं डोकं ठिकाणावर नाही, हे कोर्टालाही दिसू दे." त्यावरून इथपर्यंतचा मजकूर लिहिला आहे.

माझे डोके ठिकाणावर आहे. मी घाबरले आहे. सोमवारी काय करायचे ते मला माहीत नाही, आणि मुलीला काय सांगायचे तेही माहीत नाही. मला आता अट कोणी घातली असे विचारत असाल तर ती आज, या खोलीत घातली गेली. पायघरात मला कोणी अट घातली नव्हती. फक्त ताकीद दिली होती, ती मी मोडली. पाय मोर्चात गेला, कारण मी त्याच्यावर उभी होते.

पाय काढून पंचांसमोर जमा केला. पावती मिळाली. पावतीवर "एक डावा पाय, वापरलेला, तळवा चिकटवलेला" असे वर्णन आहे, ते बरोबर आहे.

माझी एक विनंती आहे. मला बोळातून नेऊ नये, मागच्या दाराने सोडावे. डॉक्टरबाईंनी मला कुबडीवर पाहू नये. मागच्या दाराला पायऱ्या जास्त आहेत असे हवालदारांनी सांगितले. चालेल, मी बसून उतरेन. मुलीला तिकडून बोलवावे.

हा जबाब हवालदारांनी मला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवला. भिंतीपलीकडे ऐकू जाते, म्हणून माझ्या सांगण्यावरून हळू आवाजात वाचला. खोडलेल्या ओळीपाशी माझी सही आहे, ती ओळ खोडली म्हणून आहे. ती ओळ सोडून बाकी सगळे मी सांगितले तसेच आहे.