सुलू पोचेपर्यंत

इंदूरहून उज्जैनला परतणाऱ्या मोटारीत माझ्या पुढच्या बाकावर, लेकीला मुंबईच्या विमानात बसवून आलेलं एक जोडपं होतं.

“अहो, सुलू कुठवर गेली असेल?”

“पोचलीसुद्धा. तीनशे मैलांना दोन तास. आपण अजून सांवेरलाच.”

“मध्यभारत राज्य मोडलं, जावयांचं सरकारी दफ्तर बंद झालं, नि पोर इतकी लांब गेली.”

“लांब कसली? दोन तास म्हणतो ना.”

“आगगाडीला रात्र लागायची.”

“माणूस पोचेपर्यंत केर काढायचा नाही, म्हणून घर तसंच ठेवलंस. आता गेल्यागेल्या झाडू लाव.”

“आज राहू द्या.”

“पोचली ना ती?”

“ओसरीवर तिच्या वेणीतली शेवंती सांडलीय.”

“…बरं. मी भिंतीकडेनं आत जाईन.”