पन्नास प्रतींतलं चित्र

मोजक्या प्रतींच्या चित्रांत पैसे गुंतवा म्हणणारे लोक ती चित्रं पावसाळ्यात ठेवायची कुठे, हे कधी सांगत नाहीत. मी पगारातून साठवून चित्रकाराच्या सहीची एक प्रिंट घेतली. अशा पन्नासच छापलेल्या. पुढे विकून आमच्या गावी, शेणव्यात वाचनालय काढायचं ठरवलेलं. माझ्या खोलीत ओल, म्हणून ती आत्याकडे ठेवली.

आत्यानं शहापुरात नेऊन तिचं सातबाऱ्यासारखं लॅमिनेशन केलं.

"आत्या, किंमत गेली ना तिची."

"आन् वाळवीनं खाल्ली असती मंजे? तुझं वाचनालय हाय त्यात, मना ठाव नाय का?"

मी तणतणत त्या लॅमिनेशनच्या दुकानात गेलो. प्लास्टिक आता निघणार नव्हतं.

पन्नासच प्रती छापल्यात हे ऐकून दुकानदार म्हणाला, "बाकीच्या एकोणपन्नास साध्याच ना? मग लॅमिनेशनवाली ही एकच. भाव वाढवून सांग."